कमी तोललेला ड्रॅगन

काकांचं म्हणणं एवढंच होतं, की त्या व्हिडिओ गेमला दहापैकी सात मिळायला हवे होते. दहा नाही, नऊ नाही. तो फार थोर गेम आहे असं ते कधीच म्हणाले नाहीत.

"कॅमेरा मठ्ठ आहे, मान्य," ते बोटांवर मोजत सांगायचे. "गोष्ट तर मला आजपर्यंत समजली नाही, कोण कोणाशी कशापायी लढतंय ते. ते दोन कमी करा. अजून एक मी आपल्या मर्जीने कमी करतो, चला. पण सात तर द्याल? लोकांनी तीन दिले, मॅडम. तीन. याला कमी तोललं."

मी तेव्हा ग्वाल्हेरच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे आणि पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत काकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. मी मूळची साताऱ्याची. इतक्या लांब मराठी घरमालक मिळाला म्हणून आईला हायसं वाटलं होतं. पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, "तू बिलकुल घाबरू नको. चहा पिऊन घे, मग सामान लावून टाक." शब्द सगळे ओळखीचे, पण चाल वेगळी. पुढे वर्षभराने मी सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला म्हणाले, "जेवण होऊन गेलं तुझं?" आणि ती हसत सुटली.

काका साठीला टेकले होते. टोपी बाजारात त्यांचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. काउंटरवरचे काटे, गोदामातले मोठे प्लॅटफॉर्म काटे, हल्लीचे बॅटरीवर चालणारे, सगळे यायचे त्यांच्याकडे. दरसाल सरकारी तपासणीच्या आधी काटा दुरुस्त करून, बरोबर करून द्यायचा, मग त्यावर शिक्का बसायचा. पण त्यांचा खरा जीव होता सराफांच्या काट्यांवर. त्यासाठी त्यांच्याकडे निळ्या मखमलीच्या पेटीत छोटी छोटी वजनं होती. काही तर नखाच्या तुकड्याएवढी. ती हाताने उचलायची नाहीत. बोटाच्या घामानेसुद्धा वजन बदलतं. बारीक चिमट्याने उचलायची, श्वास धरून पारड्यात ठेवायची. काकांचे कुणी पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले होते म्हणे. काका म्हणायचे, "त्यांच्या हातात तलवार होती, माझ्या हातात चिमटा. पण हात स्थिर पाहिजे हे दोन्हीकडे आहेच."

बोलण्यात त्यांचे दोनच शब्द कायम असायचे. एक 'कमी तोललं'. हे ते कशालाही लावत. दुधी भोपळ्याला लोकांनी कमी तोललं. गावातल्या हजीरा भागातल्या एका जुन्या भजीवाल्याला कमी तोललं. गल्लीतल्या मांजराला कमी तोललं. आणि दुसरा प्रश्न, 'तपासलंत का?' कुणी कशाबद्दलही मत दिलं, की काका चष्म्यावरून बघून शांतपणे विचारत, "तपासलंत का?" बहुतेकांनी तपासलेलं नसायचं.

गुण द्यायची सवयही त्यातलीच. सकाळी पोह्यांचा पहिला घास घेऊन ते जाहीर करत, "साडेसहा." काकूंना राग यायचा नाही. त्या मला म्हणाल्या होत्या, "आमच्या लग्नात जेवण होतं ना, त्याला यांनी पाच दिले होते. माझ्या वडिलांच्या तोंडावर."

गेमचं यंत्र त्यांच्या घरात आलं ते पुतण्यामुळे. तो बोटीवर नोकरीला लागला तेव्हा टीव्हीखाली ते खोकं आणि तीन डिस्क ठेवून गेला. काकांनी पद्धतशीर तिन्ही लावून पाहिल्या. फुटबॉल त्यांना कळला नाही. मोटारींचा गेम दहा मिनिटांत बंद केला. तिसरा हा. एक योद्धा मोठ्या ड्रॅगनच्या पाठीवर बसून समुद्रावरून उडतो, खाली जहाजं जळतात, समोरून दुसरे ड्रॅगन येतात. बाकीचे गेम बटणं दाबून चालतात. हा मात्र कंट्रोलर हातात धरून कलवायचा. डावीकडे कलवला की ड्रॅगन डावीकडे वळणार, खाली झुकवला की सूर मारणार, झटक्यात वर ओढला की जागच्या जागी उलटा फिरणार.

आणि नेमकं ह्याच गोष्टीवरून तो गेम बदनाम झाला होता. लोक म्हणाले, ड्रॅगन ऐकत नाही, मनाला येईल तिकडे जातो, मध्येच उलटा फिरतो. काही वर्षांपूर्वी आल्या आल्या त्याला इतकी नावं ठेवली गेली, की काही महिन्यांनी बनवणाऱ्यांनीच त्यात सोय करून दिली. कलवायचं नसेल तर कलवू नका, अंगठ्याखालच्या दांडीने उडवा.

मला हे काकांनीच सांगितलं. मी कॉम्प्युटरवाली म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "काका, त्या काळातले सेन्सर कच्चेच होते. लोकांचं बरोबर असणार."

"तपासलंत का?"

मग एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी मला तपासायला बसवलं. मी पलंगावर रेलून कंट्रोलर हातात घेतला, खेळ सुरू केला आणि मिनिटभरात समुद्रात गेले. परत गेले. तिसऱ्यांदा ड्रॅगन एका सुळक्यावर आपटला. मी काकांकडे बघितलं, बघा, मी म्हटलं नव्हतं का, अशा चेहऱ्याने.

काकांनी कंट्रोलर माझ्या हातून घेतला, रुमालाने पुसला. टेबलावर ठेवला. खिशातून पाणसळ काढली. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात ती, पाण्यात हवेचा बुडबुडा असलेली. ती त्यावर ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत कंट्रोलरखाली पोस्टकार्डाची घडी सरकवत राहिले. मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. त्यांनी सुरू करायचं बटण दाबलं आणि मग तो तसाच उचलून माझ्या हातात दिला.

"ज्या कोनात सुरू केलं तो याचा शून्य. लोक लोळून सुरू करतात, मग सरळ बसतात, आणि मग म्हणतात हा खाली ओढतो. काट्याचं पण असंच असतं, मॅडम. शून्य वाकडा असेल तर सगळं वजन वाकडं. कोपर मांडीला लावा. आता हळू."

मी कलवला. ड्रॅगनने पंख पसरले आणि समुद्रावरून असा काही वळला, की माझं स्वतःचं अंग त्याच्याबरोबर कललं. मी जहाजांच्या डोलकाठ्यांमधून गेले. खाली पाण्यावर त्याची सावली पळत होती. किती वेळ गेला कळलं नाही.

"किती?" काकांनी विचारलं.

"सात," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू गिऱ्हाइकाला काटा पसंत पडला होता.

इंटरनेटवर त्या गेमची जी जुनी परीक्षणं होती, त्या प्रत्येकाखाली काका प्रतिक्रिया लिहायचे. पेन्सिलीने आधी वहीत इंग्रजी मजकूर जुळवायचा, मग एका बोटाने टाइप करायचा. 'आदरणीय महोदय, आपण खेळ सुरू करताना कसे बसला होतात, हे कळवावे.' परीक्षणं लिहिणाऱ्यांना ती कामं सोडूनही कितीतरी वर्षं झाली होती. उत्तरं यायची ती रिकामटेकड्यांची. कुणी टिंगल करायचं, कुणी वय विचारायचं. काका टिंगलीलाही सविस्तर उत्तर द्यायचे. एकदा मात्र ते जिना चढून वर आले, धापा टाकत. मोबाइल माझ्यापुढे धरला. पोर्तुगालमधल्या कुणीतरी एका ओळीत लिहिलं होतं, की मलाही हा आवडला होता.

"एक जण आहे, मॅडम," काका म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस ते हे आम्हाला सांगत राहिले. पोळी वाढताना काकूंनी विचारलं, "आणखी घ्या ना?" की म्हणायचे, "तिकडे पोर्तुगालमध्ये पण एक जण आहे." काकू म्हणायच्या, "हो न, कळलं. पोळी घ्या."

तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, मी खाली गेले असताना काका खेळत होते आणि ड्रॅगन सारखा उलटा फिरत होता. उडतोय, उडतोय, आणि मध्येच गर्रकन मागे. मी बघतच राहिले. काका म्हणाले, "आज हवा जास्त आहे." मला वाटलं, गेममधली हवा. मग असं दोन-तीनदा झालं. मी सहज म्हटलं, "काका, ती दांडीवाली सोय आहे ना, ती लावून बघा की."

काकांनी खेळ थांबवून कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"तो रस्ता मला ठाऊक आहे," मग म्हणाले. "ती माफी आहे, मॅडम. चूक नसताना बनवणाऱ्यांनी मागितलेली. मी नाही वापरणार."

मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं. मला त्यांचा हट्टच फक्त दिसला, आणि तो मला मजेशीर वाटत होता. मजेशीर वाटत होता म्हणूनच मी पुढचं सगळं केलं.

कॉलेजात दरवर्षी विद्यार्थ्यांचा एक तंत्रमेळा असायचा. मी सुचवलं, की जुन्या गेमवर एक कार्यक्रम करू, आणि एका अशा माणसाला बोलावू, जो एका पडलेल्या गेमची बाजू एकट्याने लढवतो आहे. सगळ्यांना कल्पना आवडली. काकांनी आठवडाभर विचार केला. रोज काही ना काही कारण काढायचे. मी म्हणायचे, "काका, तुम्हाला एवढे लोक ऐकायला कधी मिळणार?" शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. तपासून तर दाखवू." काकूंनी त्यांचा तपकिरी कोट उन्हात टाकला. स्वतः चंदेरी नेसून त्या पहिल्या रांगेत बसल्या.

काका छान बोलले. हिंदीत बोलले, पण मध्येच 'कमी तोललं' मराठीत आलं आणि मुलांना ते फार आवडलं. पाणसळ काढली तेव्हा हॉल हसला, पण प्रेमाने. मग मोठ्या पडद्यावर समुद्र आला, ड्रॅगनने झेप घेतली, आणि काही क्षणांत गर्रकन उलटा फिरून पाण्यात पडला. काकांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तर उडता उडता नुसता थरथरत राहिला, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, आणि बुडाला. आता हॉल वेगळा हसत होता. सूत्रसंचालन करणारा मुलगा चांगला होता, त्याला वाटलं आपण सांभाळून घ्यावं. तो माइकवर म्हणाला, "कोई बात नहीं सर. मानना पड़ेगा, कंट्रोल ही ख़राब है."

टाळ्या पडल्या. काका सुटले असते. हसून खाली उतरले असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

काकांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि त्या मुलाकडून माइक मागून घेतला. माइक त्यांच्या कोटाच्या बटणावर आपटत होता, त्याचा ठकठक आवाज हॉलभर येत होता.

"कंट्रोल ठीक है," ते म्हणाले. "मेरा हाथ काँपता है. पिछली दिवाली से. इसमें इसका दोष नहीं है."

ठकठक तेवढी चालू होती. त्यांनी दुसऱ्या हाताने माइक धरला, पण तोही हात तसाच होता.

"जिसका हाथ स्थिर हो, कोई एक आ जाओ."

मागच्या रांगेतून एक मुलगी उठून आली. काकांनी तिला मला सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. कोपर मांडीला लाव, हळू. आणि ती उडाली. पहिल्या झेपेत जहाजांच्या वरून, मग दोन सुळक्यांच्या मधून, आणि मग सूर्याच्या दिशेने सरळ वर. कुणी हसत नव्हतं. मुलं पुढे सरकून बसली होती. काका बाजूला उभे होते, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून. मी काकूंकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या.

हॉलमधली निम्मी मुलं लष्कर भागातल्या, म्हणजे आमच्याच बाजारपेठेतल्या दुकानदारांची होती. संध्याकाळपर्यंत बातमी बाजारभर झाली. काटा दुरुस्त करणाऱ्याचा हात कापतो, यावर कुणाला जास्त काही सांगावं लागत नाही. कुणी वाईट बोललं नाही. सराफ नमस्कार करायचे, प्रकृती विचारायचे, आणि काटे दुसरीकडे न्यायचे.

काकू माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मीच खाली जाऊन उभी राहिले. त्या भाजी निवडत होत्या.

"मला माहीत होतं," त्या वर न बघता म्हणाल्या. "दिवाळीपासून मी त्यांना कप अर्धाच भरून देत होते. सांडू नये म्हणून. त्यांना वाटायचं मला ठाऊक नाही. मी पण तसंच राहू दिलं होतं. चाललं होतं आमचं. तू त्यांना तिथे नेऊन उभं केलंस."

मी म्हटलं, "काकू, मला खरंच कळलं नाही."

"हो न," त्या म्हणाल्या. "तू तर त्यांना बघतच नव्हतीस. तू त्यांची गंमत बघत होतीस."



काकांकडेही मी माफी मागायला गेले. ते दुकानात एकटे बसले होते, निळी पेटी मिटून समोर ठेवलेली. "मी तुम्हाला बोलवायला नको होतं," मी म्हटलं.

"छे. त्यात तुमचं काही नाही." त्यांनी पेटी बाजूला सरकवली. "मी तर दुसराच विचार करतो आहे. इतके महिने मी काटे दुरुस्त करून देत राहिलो. एकेक चार-चार वेळा तपासत होतो. चूक एकही गेली नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. पण हात कापतो हे गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं. घरात सांगायला हवं होतं. आणि मी सांगितलं कधी, तर एका गेमवर आळ आला तेव्हा." मग समोरच्या गल्लीकडे बघत म्हणाले, "काय माणूस आहे मी, मॅडम."

डॉक्टरांनी कंपवात म्हणून निदान केलं. गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळ्याआधी दुकान बंद झालं. पितळी काटे कुणी कुणी नेले. मीही त्याच वर्षी पुण्याला नोकरी मिळाली म्हणून ग्वाल्हेर सोडलं. निघताना काकू रिक्षापर्यंत आल्या, डब्यात गुळपोळ्या दिल्या, पाठीवरून हात फिरवला. म्हणजे मला माफ केलं असं नाही. त्या तशाच होत्या.

त्यानंतर रविवारी दुपारी काकांचा फोन यायचा. आता त्यांना टाइप करणं जमत नव्हतं, म्हणून प्रतिक्रिया ते मला सांगायचे आणि मी इथे बसून लिहायचे. 'आदरणीय महोदय' पासून सगळं. स्वल्पविरामसुद्धा सांगायचे. मला वाटायचं, एवढं तरी आपण करावं. पहिली दोन वर्षं आवाज नीट यायचा. मग तो बारीक होत गेला, शब्द एकमेकांत मिसळायला लागले. मग फोनवर काकू येऊ लागल्या. काका त्यांच्या कानाशी सांगायचे, त्या मला सांगायच्या. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्या ऐकू आलं तसं उच्चारायच्या आणि मी जुळवायचे. एका ओळीला पंधरा मिनिटं लागायची. मध्येच काकू त्यांना म्हणायच्या, "परत बोला. घाई थोडीच आहे."

गेल्या थंडीत काका गेले. मला पोहोचायला महिना लागला.

घर नीटनेटकं होतं. कोपऱ्यात काकांची चाकांची खुर्ची घडी करून ठेवलेली. काकूंनी चहा केला, कप पूर्ण भरून. आम्ही पुतण्याबद्दल बोललो, माझ्या मुलीबद्दल बोललो. काकांबद्दल बोलणं दोघींनाही जमेना. मग काकू म्हणाल्या, "ते खोकं चालू होतं का बघून देशील? मी हात नाही लावला. शेवटच्या वर्षात त्यांनी पण नाही लावला."

मी धूळ झटकली, तारा जोडल्या. पडदा उजळला, समुद्र आला. मी कंट्रोलर काकूंकडे दिला. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग पदराला हात पुसून त्यांनी तो ताटासारखा दोन्ही हातांत धरला. त्या कुणावर हल्ला करत नव्हत्या, जहाजांच्या वाटेला जात नव्हत्या. फक्त सरळ उडत होत्या, पाण्यावरून, खूप सावकाश.

"हे असं बघत होते ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"इतकी वर्षं मी मागच्या खोलीतून फक्त आवाज ऐकत होते." त्या जराशा डावीकडे कलल्या, ड्रॅगनही कलला. "मला कधी म्हणाले नाहीत, की तू बस. मी पण कधी विचारलं नाही."

बाहेर दूधवाल्याने हाक मारली. काकू गडबडल्या. ड्रॅगन पाण्याकडे झुकला, तसा त्यांनी कंट्रोलर घाईने माझ्या हातांत दिला, अजून उडतोय तसाच.

"सांभाळ हं, पडू देऊ नको याला," त्या चपला शोधत म्हणाल्या. "मी दूध घेऊन येते."

मी कोपर मांडीला टेकवलं आणि त्यांची वाट बघत तो धरून बसले.